कोपऱ्यातल्या गोलातली बाई

घरात माणसं चार आणि ऐकू येणारी एकटी बडबडी. आई, वडील आणि थोरला भाऊ तिघंही जन्मापासून बहिरे. बोलायचं ते हातांनी, आणि भांडण पेटलं की टेबलावरचे पेले हलायचे. अशा घरात ही पोर दिवसभर तोंडाने काहीबाही पुटपुटत फिरायची. नळाशी, मांजराशी, बंद दाराशी. ऐकू न येणाऱ्या माणसांत प्रत्येकाला खुणेचं एक नाव असतं. दादाने तिचं नाव ठेवलं तेव्हा चार बोटं आणि अंगठा तोंडाजवळ नेऊन चोचीसारखे पटापट उघडमीट केले. झालं, नाव चिकटलं. पुढे ती खुणांच्या भाषेची दुभाषी झाली, कोर्टात आणि दवाखान्यांत लोकांचं बोलणं हातांनी सांगू लागली, चाळिशी उलटली, तरी दादाच्या गोतावळ्यात ती बडबडीच राहिली.

त्या वर्षी महापौरपदाची निवडणूक होती. मतदानाआधी टीव्हीवर दोन्ही उमेदवारांचा समोरासमोर वाद व्हायचा, तो दर खेपेला व्हायचा. या वेळी मात्र पहिल्यांदाच पडद्याच्या कोपऱ्यात एका गोलात दुभाषी दाखवायचं ठरलं. खरं तर हे दोघींचं काम. थोडा वेळ एकीने, थोडा वेळ दुसरीने, नाहीतर खांदे भरून येतात आणि डोकंही. पण बडबडीची जोडीदारीण नेमकी जिन्यावरून घसरली आणि तिचं मनगट मोडलं. ऐन मैफिलीच्या दिवशी गवयाचा घसा बसावा तसं झालं.

कार्यक्रमाची निर्माती काकुळतीला आली. "ताई, दीड तास एकटीने ओढाल का हो?"

"ओढीन," बडबडी म्हणाली. "पण मध्ये जाहिराती जास्त लावा."

इकडे दादाच्या दुकानात तयारी सुरू झाली. दादाचा धंदा जुन्या सोफ्यांना नवं कापड चढवायचा. वहिनीही बहिरीच, ती कापड बेतायची आणि शिवायची, तो स्प्रिंगा बसवायचा आणि ठोकायचा. संध्याकाळी काम आटपलं की चार बहिरे मित्र जमत आणि गिऱ्हाइकांच्या सोललेल्या सोफ्यांवर बसून टीव्ही बघत. त्या दिवशी छापखान्यातून निवृत्त झालेले काका सर्वांत आधी येऊन स्प्रिंगा न टोचणारी एकमेव खुर्ची अडवून बसले. बेकरीवाला कालचे उरलेले बिस्किटांचे तुकडे घेऊन आला.

उमेदवारांची खुणेची नावं याच मंडळींनी ठेवली होती. बाई उमेदवार बोलताना एक भुवई वर चढवायच्या, म्हणून त्या 'भुवई'. पुरुष उमेदवार सारखं मनगटावरचं घड्याळ चाचपायचे, म्हणून ते 'घड्याळ'. बडबडीच्या घरातली मतं पिढीजात भुवईच्या पक्षाला. वडील त्या पक्षाचे, दादा त्या पक्षाचा, बडबडीही. वहिनीचं काय, हे कुणी विचारलं नव्हतं. ती मतदानाला जातच नसे. "मला नाही बाई त्यातलं कळत," एवढं म्हणायची आणि कात्री उचलायची. (दुकानातलं कुणी 'म्हणालं' असं इथे लिहिलं की ते हातांनी म्हणालं असं समजायचं.)

बडबडी स्टुडिओत पोचली ती गडद रंगाचा साधा सदरा घालून, अंगठ्या काढून, नखं कापून. तिला उमेदवारांच्या आसपाससुद्धा नेलं नाही. शेजारच्या लहानशा खोलीत निळा पडदा, समोर कॅमेरा, कानात एक यंत्र, पायाशी पाण्याची बाटली. दोघांचं बोलणं एकाच अंगाने सांगायचं म्हणून तिने जागा ठरवून टाकल्या: भुवई बोलली की खांदे किंचित डावीकडे, घड्याळ बोललं की उजवीकडे. खुणांच्या भाषेत चेहरा म्हणजे व्याकरण असतं. भुवया वर गेल्या की प्रश्न, गाल फुगले की 'खूप मोठं'. त्यामुळे भुवईबाई साधं विधान करत तेव्हासुद्धा त्यांची ती एक भुवई प्रश्न विचारल्यासारखी दिसे, आणि बडबडीला स्वतःच्या कपाळावर ताबा ठेवावा लागे.

पहिला अर्धा तास रस्ते, कचरा, तू खोटा, तू खोटी यात गेला. मग बसचा विषय निघाला. भुवई म्हणाली, निवडून आले तर शहरातली प्रत्येक बस सगळ्यांना मोफत. बडबडीचे हात सरावाने फिरले. तिला हे पाठ होतं, पटलेलंही होतं. मग घड्याळाची पाळी आली.

"फुकट बस म्हणजे न येणारी बस," तो म्हणाला. "तिकिटाचे पैसे बंद झाले तर दुरुस्ती कशातून करणार? मी तिकीट ठेवीन, आणि तासाला एक येते तिथे चार आणीन."

त्यातलं पहिलं वाक्य कानात एका ओळीत संपलं. पण असली ओळ हातांनी शब्दाला शब्द लावून सांगितली तर कुणाला काही कळत नाही. ती दाखवावी लागते. दाखवायला आधी स्वतःला दिसावी लागते. बडबडीने क्षणभर हात थांबवले. मग तिने थांब्यावर एक माणूस उभा केला. त्याने खिसा उलटा केला, पैसे लागणार नाहीत म्हणून खूश झाला. रस्त्याकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. पायावरचा भार बदलला. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. लांबून काहीतरी येताना दिसलं, मान उंचावली, तो ट्रक निघाला. चेहरा उतरला. उलटा केलेला खिसा त्याने मुकाट्याने परत आत घातला.

हे सगळं घड्याळाचं पुढचं वाक्य संपायच्या आत. बडबडीला वाटलं, काम चोख झालं. आणि तिच्या मनात एक भलतीच गोष्ट आली. अरे, हा म्हणतोय त्यात तथ्य आहे. पण विचार करायला वेळ कुठला? भुवई बोलू लागली होती, खांदे डावीकडे.

वाद संपल्यावर वाहिनीवर वर-खाली दाखवणारे मोठमोठे बाण आले. या चर्चेने इतक्या मतदारांचं मत बदललं, तितके डळमळले. बडबडी खांदे चोळत घरी गेली.

सकाळी निर्मातीचा फोन. "ताई, तुमचा खिसा गाजतोय."

"काय गाजतंय?"

तो थांब्यावरचा माणूस कुणीतरी कापून फोनवर पसरवला होता. ज्यांना खुणांचं अक्षरही कळत नाही तेसुद्धा तो बघून हसत होते. आणि भुवईच्या पक्षाने लेखी तक्रार केली होती: दुभाषी पक्षपाती आहे, तिने विरोधकाच्या वाक्याचं नाटक करून दाखवलं, शहरातल्या कर्णबधिर मतदारांचं मत त्यामुळे फिरलं असण्याची शक्यता आहे.

"अहो, मी त्यांच्याच बाजूची!" बडबडीच्या तोंडून निघून गेलं, आणि तिने जीभ चावली. दुभाष्याने असं बोलायचं नसतं.

निर्माती हसली. "मी ऐकलंच नाही. पण ताई, मला खरंच प्रश्न पडलाय. आम्ही ते बाण दाखवतो ना, आमचाच त्यांच्यावर विश्वास नाही. वादविवाद बघून कुणाचं मत खरंच बदलतं का हो? तुमच्या ओळखीतल्या एकाचं तरी बदललं का?"

बडबडीला उत्तर माहीत नव्हतं. आणि आपल्याला ते माहीत नाही ही गोष्ट तिला दिवसभर दाताखाली अडकलेल्या बडीशेपेसारखी छळत राहिली. संध्याकाळी ती थेट दुकानात गेली.

दादा एका सोफ्याच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून बसला होता. काका आणि बेकरीवाला होतेच. तिने तोंडावर विचारलं, "काल वाद बघून कुणाकुणाचं मत बदललं? खरं सांगा. मी कुणाला नाव सांगणार नाही."

काकांना प्रश्नच हास्यास्पद वाटला. "मत? अगं, आपला संघ हरला म्हणून कुणी दुसऱ्या संघाचा झेंडा घेतं का? मी काय निवडायला बसलो होतो? मी बघायला बसलो होतो. आमचा पडला तर वाईट वाटतं, उठला तर टाळ्या. इतकी वर्षं नुसते ओठ हलताना बघितले. या वेळी कळलं की आमचा घड्याळ किती वाईट बोलतो. तरी मत त्यालाच."

"म्हणजे काही फरक नाही?"

"फरक आहे ना. आधी आंधळेपणाने द्यायचो. आता डोळे उघडे ठेवून देणार."

सगळे हसले. बेकरीवाल्याने मात्र हातातलं बिस्कीट खाली ठेवलं. मग त्याने हळूच बोट वर केलं, शाळेत करतात तसं. "माझं बदललं होतं."

बडबडी त्याच्याजवळ सरकली. "कशाने? त्या थांब्यावरच्या माणसाने?"

"छे. घड्याळाला राग आला होता ना, भुवईने खोटारडा म्हटलं तेव्हा? तेव्हा तो पाणी प्यायला आणि मग बोलला. मला आवडलं ते. मला राग आला की मी पीठ फेकतो. म्हटलं, हा माणूस बरा. घरी जाताना पक्कं केलं, यालाच द्यायचं."

"मग?"

"मग पहाटे भट्टीवर गेलो. माझा जोडीदार म्हणाला, पाणी प्यायला म्हणून मत देतोस? उद्या तो चहा प्याला तर काय घर देशील?" बेकरीवाल्याने खांदे उडवले. "संध्याकाळी गेलेलं मत पाव काढेपर्यंत परत आलं."

बडबडीला हसावं की रडावं कळेना. ज्याच्यावरून तक्रार झाली तो खिसा याच्या लक्षातही नव्हता. ती दादाकडे वळली. दादाने सोफ्यातून हात काढला, तळवे झटकले.

"माझं बदललं नाही," तो म्हणाला. "पण मला तुझी गंमत वाटली. भुवईचं बोलणं तू बरं केलंस. घड्याळाचं तू सुंदर केलंस."

"मी दोघांचं सारखंच केलं."

"नाही. नावडता पाहुणा जेवायला आला की आपण काय करतो? त्याला आग्रह जास्त. वाढण्यात कमी पडलं असं त्याने म्हणायला नको. आवडत्याला म्हणतो, घे रे हाताने, तुझंच घर आहे." दादाने तिच्याकडे रोखून बघितलं. "तू त्याला हाताने भरवलंस."

हे वाक्य बडबडीला लागलं. तिने वाद घालायला हात उचलले. आणि तेवढ्यात वहिनीने टेबलावर थाप मारली. बहिऱ्यांच्या घरात कुणाचं लक्ष वेधायचं तर अशीच थाप मारतात. लाकडातून ती सगळ्यांच्या पायांपर्यंत जाते.

"मला नाही विचारलंत," वहिनी म्हणाली.

खरंच, कुणी विचारलं नव्हतं. बडबडी ओशाळली. "वहिनी, तुमचं मत बदललं?"

"बदलायला आधी असावं लागतं." वहिनीने हातातलं मोजपट्टीचं वेटोळं खाली ठेवलं. "लग्न झाल्यापासून टीव्हीवर माणसं तोंडं हलवतात आणि हे मला शेवटी एका खुणेत सांगतात, आपला चांगला, तो वाईट. एवढ्यावर मत द्यायचं? म्हणून मी जात नव्हते. काल मी पहिल्यांदा दोघांचं अख्खं ऐकलं. माझं मत बदललं नाही. मला मत आलं."

"कुणाकडे?" दादाने पटकन विचारलं.

"ते मी पेटीत टाकीन."

दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला. काकांनी खुर्चीच्या हातावर दोन थापा मारून शाबासकी दिली. वहिनी मात्र तिथेच थांबली नाही. तिने बडबडीला प्रश्न विचारायला सुरुवात केली. बस फुकट केली तर चालकांचे पगार कोण देतं? तासाला चार आणणार म्हणतो, त्या ठेवणार कुठे? महापौराच्या हातात हे असतं तरी का? बडबडीला अर्ध्यांची उत्तरं येत नव्हती. इतकी वर्षं आपण ठामपणे मत देतोय आणि एवढंही ठाऊक नाही, याचं तिला नवल वाटलं. वहिनीला मात्र तिच्या अज्ञानाचं काही वाटलं नाही. "मग विचारून ये ना," ती म्हणाली. "तुला ऐकू येतं."

दुसऱ्या वादाच्या वेळी वाहिनीने तक्रारीवर तोडगा काढला. दोन उमेदवारांना दोन दुभाषी. जोडीदारणीच्या मनगटावर अजून प्लास्टर होतं, म्हणून शेजारच्या शहरातून एक तरुण दुभाषी आणला. कुणी कुणाचं करायचं यावर चिठ्ठ्या टाकल्या. बडबडीच्या चिठ्ठीत भुवई आली.

तिला हायसं वाटलं. आपल्याच माणसाचं बोलायचं, मग काय अडचण! पण पहिल्या दहा मिनिटांतच घोळ झाला. भुवई वाक्य सुरू करी आणि बडबडीचे हात ते आधीच संपवून मोकळे होत. मोफत बस म्हटलं की हात पुढचं आपोआप बोलत. एकदा भुवईने मध्येच 'पण' लावून वाक्य फिरवलं. पहिली दोन वर्षं फक्त शाळकरी मुलांना आणि म्हाताऱ्यांना मोफत, मग पैशांचा अंदाज घेऊन बाकीच्यांना, असं ती म्हणाली. बडबडीचे हात तोवर सगळ्या शहराला फुकट फिरवून आले होते. तिने चटकन थांबून 'चुकले' अशी खूण केली आणि नव्याने सांगितलं. कपाळावर घाम आला. आवडत्या माणसाचं बोलणं आपण ऐकत नाही, आठवतो, हे तिला उभ्या उभ्या कळलं. मग ती कान देऊन ऐकू लागली, जणू ही बाई तिला आजच भेटली होती. काही गोष्टी पहिल्यापेक्षा जास्त पटल्या. काही अजिबात पटल्या नाहीत. दोन्हींचं तिला सारखंच आश्चर्य वाटलं.

मतदानाच्या दिवशी दादा, वहिनी आणि बडबडी मिळून गेले. केंद्र एका शाळेच्या व्यायामशाळेत होतं. भिंतीला दोरखंड लटकत होते आणि जमिनीवर खेळाच्या रेघा आखलेल्या. वहिनीने केस नीट बांधले होते आणि तिला रांगेत उगाचच घाई झाली होती. अधिकाऱ्याने तिला काहीतरी विचारलं. बडबडी पुढे सरसावली, पण वहिनीने तिला हाताने मागे सारलं, ओळखपत्र पुढे केलं आणि आत गेली. बराच वेळ आतच होती. दादा अस्वस्थपणे टाचा वर-खाली करत राहिला. बाहेर आली ती हसतच.

"कुणाला?" दादाने विचारलं.

"गुप्त," वहिनीने दोन्ही तळहात एकावर एक घट्ट मिटून दाखवले.

मग बडबडी आत गेली. पडद्यामागे कुणीच नव्हतं. तिने शिक्का उचलला आणि परत खाली ठेवला. खांदे डावीकडे वळवून तिने भुवईचं म्हणणं हातांनी एकदा सांगितलं, अगदी त्या 'पण'सकट. मग उजवीकडे वळून घड्याळाचं. ना कॅमेरा, ना कुणी बघणारं. दोन्ही सांगून झाल्यावर तिने हात खाली सोडले आणि वाट बघितली, आता मन काय म्हणतं. पडद्याबाहेर कुणीतरी खाकरलं. शेवटी तिने शिक्का घेतला आणि घड्याळाच्या नावापुढे उमटवला.

निकालात भुवई निवडून आली, बऱ्यापैकी फरकाने. दादा खूश, काका नाराज. बेकरीवाल्याने आपण कुणाला दिलं हे दोन वेगवेगळ्या माणसांना दोन वेगळ्या प्रकारे सांगितलं.

निर्मातीचा पुन्हा फोन आला. "ताई, मागे मी विचारलं होतं. मिळालं का उत्तर?"

"थोडंसं," बडबडी म्हणाली. "दुकानात पाच जण होते, मला धरून. एकाचं हललंसुद्धा नाही. एकाचं गेलं आणि परत आलं. एकाने फक्त माझे हात तपासले. एकीला नव्याने आलं."

"आणि पाचवी?"

बडबडीने फोन या कानाचा त्या कानाला लावला. "तिचं बदललं. पण बाई, ते बघून नाही बदललं. दोन्हीकडचं स्वतः बोलावं लागलं म्हणून बदललं. आता प्रत्येक मतदाराला तुम्ही त्या निळ्या खोलीत कसं उभं करणार?"

पलीकडे निर्माती हसली, मग गंभीर झाली. "आणि जे बदललं ते बरोबर होतं का?"

"ते मला अजून माहीत नाही," बडबडी म्हणाली, आणि ते खरं होतं. भुवईचे पैशांचे आकडे तिला आता पटत होते, घड्याळाचे अधूनमधून. तिला याचा त्रास होत नव्हता. उलट पूर्वी निकाल लागला की ती विषय बंद करी. आता ती पेपर उघडून आधी महापालिकेचं पान शोधू लागली होती.

फोन ठेवून ती दुकानात गेली तर वहिनी तिची वाटच बघत होती. नव्या महापौरांची पहिली सभा सगळ्यांना खुली होती, आणि वहिनीने परस्पर ठरवून टाकलं होतं की दोघींनी जायचं. प्रश्न वहिनी विचारणार आणि बडबडीने तो मोठ्याने बोलायचा.

"पण हळू बोल," वहिनी म्हणाली. "मी मध्येच 'पण' लावते."